वळचणीतली फट

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात पाण्याच्या वाफेचा आमच्या साडूभाऊंइतका कट्टर वैरी दुसरा कोणी झाला नसेल. रेडमंडला हिवाळाभर पाऊस पडतो. माणसं कुरकुरतात आणि कामाला जातात. साडूभाऊंचं पावसाशी भांडण नव्हतं. ते चिपळूणचे, पाऊस त्यांच्या घरचाच. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "ओल बाहेरून येत नाही हो, ती आपण घरात शिजवतो." आम्ही दोघं एकमेकांना साडूभाऊच म्हणत असू. दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलेल्या माणसांत याहून जास्त जवळीक हवी, असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

एका सॉफ्टवेअर कंपनीत इतरांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं ही त्यांची नोकरी. चुका काढण्याचा पगार मिळायला लागला की माणसाला शनिवार-रविवार रिकामे वाटू लागतात, तेव्हा ते दोन दिवस ते आमच्या घरांना देत. हवेतला दमटपणा मोजायचं एक काट्याचं यंत्र कायम कोटाच्या खिशात असे. जेवायला बोलावलं की ते चपला काढून थेट स्वयंपाकघरात जात. कुकरची शिट्टी झाली की काटा बघून अशी मान हलवत, की एखादा डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतोय असं वाटावं. न्हाणीघरात गरम पाणी सोडून गाणं म्हणणारे पाहुणे त्यांना डोळ्यांसमोर नको असत, आणि आतल्या खोलीत वाळत घातलेल्या टॉवेलकडे ते ज्या नजरेने पाहत, तशी नजर मी फक्त विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याची पाहिली आहे. एका गणेश चतुर्थीला माझी बायको उकडीचे मोदक करत होती, तर हे मागे उभे. "तळणीचे का नाही करत? वाफ वाचेल." ती म्हणाली, "भावोजी, गणपतीला विचारून सांगते." मग सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, अंगात जाकिटं घालून सगळी जेवली. अकरा मोदक त्यांनी खाल्ले.

या सगळ्या हास्यास्पद कारभाराच्या मुळाशी एक गोष्ट होती, म्हणून आम्ही हसत असलो तरी बेताने हसायचो. त्यांच्या मुलीला, सईला, दमा होता. तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिची खोली वरच्या मजल्यावर, थेट उतरत्या छपराखाली. पलंगावर उभं राहिलं की हात छताला लागे, आणि ती खोली तिला जिवापाड आवडे. पण त्या तिरक्या छतावर बुरशीचे काळे ठिपके उमटले की तिची छाती वाजायला लागे. डॉक्टरने सांगितलं, एक तर खोली कोरडी करा, नाहीतर मुलीला खाली हलवा.

साडूभाऊंनी खोली कोरडी करायचं ठरवलं. चार पुस्तकं वाचली. गुलाबी गादीसारखं दिसणारं काचेच्या तंतूंचं इन्सुलेशन आणून छपराखाली भरलं. छप्पर आणि भिंत जिथे मिळतात त्या वळचणीत त्यांना एक लांबच लांब फट दिसली, तिच्यातून गार वारा येत होता. वळचणीत फट दिसल्यावर स्वस्थ बसेल तो कोकणातला माणूस नव्हे. पावसाची झड आत येऊ नये म्हणून चिपळूणच्या घरी त्यांचे वडील मृगाच्या आधी गोणपाटं कोंबत, यांनी इन्सुलेशन कोंबलं. ते पुरेना तेव्हा ताईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, जुनी सतरंजी कोंबली. "आता बोट शिरणार नाही," ते म्हणाले. पुढच्या महिन्याभरात त्यांनी आमचं छप्पर आणि आणखी दोन घरांची छपरं अशीच बंद करून दिली. आग्रहाने, हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या हिवाळ्यात सईच्या छतावरचे ठिपके दुप्पट झाले. ती खाली सोफ्यावर झोपू लागली, उशाशी औषधाचा पंप. शेवटी ताईंनी एक म्हातारा सुतार बोलावला. त्याने छताची एक फळी काढली, आत हात घातला आणि सतरंजी बाहेर ओढली. ओली, काळी, पिळली तर पाणी गळेल अशी. ती फट घर बांधणाऱ्याने मुद्दाम ठेवली होती, हे त्याने समजावलं. तिथून आत शिरलेली हवा छपराच्या फळ्यांखालून आढ्यापर्यंत वाहते आणि लाकूड सुकवते. खोलीच्या बाजूने घट्ट बंद करायचं, छपराच्या बाजूने मोकळं सोडायचं. इथे नेमकं उलटं झालं होतं.

"हे केलं कोणी?" त्याने विचारलं.

आधीच्या घरमालकावर ढकलणं अगदी सोपं होतं. तो फ्लोरिडाला गेला होता आणि त्याच्याबद्दल साडूभाऊंचं मत आधीपासूनच वाईट होतं. जिन्यात सई उभी होती.

"मी," साडूभाऊ म्हणाले.

सई म्हणाली, "इट्स ओके, बाबा." ते तिच्याकडे न बघता सतरंजीची घडी घालू लागले. त्या सतरंजीची घडी कशाला हवी होती कोण जाणे.

दुसऱ्याच रविवारी ते आमच्या दारात शिडी घेऊन हजर. "तुमचं छप्पर उघडायचंय. माझं चुकलं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. बाकीच्या दोन घरांपैकी एक नागपूरच्या एका डॉक्टरांचं, त्यांनी थोपवायचा प्रयत्न केला. "अरे यार, जाऊ द्या ना, आम्हाला काही त्रास नाही." साडूभाऊ म्हणाले, "तुम्हाला नाही, छपराला आहे," आणि शिडी लावली. तिन्ही घरं त्यांनी स्वतःच्या हातांनी मोकळी केली. मग सुतारासोबत राहून सईची खोली पुन्हा बांधली. या खेपेला फळ्यांखाली दोन बोटं वाट हवेसाठी सोडली. खोली तयार झाल्यावर मुलीला लगेच वर पाठवलं नाही. पंधरा दिवस स्वतः तिच्या पलंगावर, पाय बाहेर काढून झोपले. छताला एकही डाग पडला नाही, तेव्हा तिला तिची खोली परत मिळाली.

त्यालाही बरीच वर्षं झाली. सईचा दमा हळूहळू मागे पडला. एका जून महिन्यात, शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर साडूभाऊ चहाचा कप घेऊन जिन्याच्या पायथ्याशी उभे. मी बोलायला तोंड उघडलं तशी त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. वर सई झोपली होती. ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "रोज उभे राहतात. चार वर्षांत एकदा तरी खोकलीय का ती?" साडूभाऊंनी लक्ष दिलं नाही. वरून काहीच आवाज येत नव्हता, तो ते ऐकत होते.

सप्टेंबरात सई पूर्वेकडे कॉलेजला जाणार होती. कोणत्या इमारतीत खोली मिळणार, ते अजून कळलं नव्हतं.

"साडूभाऊ," त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "तिथलं छत कसं असेल हो?"

"सपाट असेल," मी म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं.