रिबकासोबत उपकारस्तुतीला

जायचं ठरवलं रिबकानं. मी फक्त गाडी काढली.

त्र्याहत्तर साल सरत आलं होतं. दुष्काळानं माणसांना रडवून झाल्यावर त्या साली पाऊस झाला होता, आणि तिच्या माहेरच्या ख्रिस्ती मंडळीनं उपकारस्तुतीचा रविवार धरला होता. माहेर म्हणजे सातारा-कोरेगाव रस्त्यावरचं एक लहानसं गाव. ज्यांना हा सण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीक घरात आलं की त्यातला वाटा देवळात आणून ठेवायचा आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव करायचा. त्यावर मंडळीचं वर्ष निघतं. दुष्काळात सण झालाच नव्हता. आणणार काय देवळात, धोंडे?

त्याच्या आदल्याच आठवड्यात मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की माझ्या बायकोच्या पोटातली गाठ आता कापण्यापलीकडे गेली आहे. मुंबईला किरणांचा इलाज मिळतो. त्यानं काही महिने मिळतील, कदाचित मिळणारही नाहीत. मी लगेच मुंबईची सोय लावली. इस्पितळात खाट, राहायला खोली, स्टेशनवर घ्यायला माणूस. माझा स्वभावच तो. हमालाचा पोरगा, चौथीत शाळा सुटली, दुसऱ्याच्या लेथवर उभा राहून काम शिकलो आणि पुढं कुपवाडला स्वतःची शेड टाकली. हळद पॉलिश करायचे ढोल बनवायचो. कुठल्याही अडचणीला एक योग्य माणूस आणि एक योग्य भाव असतो, तेवढा शोधला की झालं, अशी माझी समजूत होती. मूल नव्हतं आम्हाला, तेव्हाही मी असेच माणूस आणि भाव शोधत हिंडलो होतो.

रिबकाला मी काही लपवलं नाही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आधी उपकारस्तुतीला जाऊ. येताना मुंबईचं सांगते."

म्हणून मी तो प्रवास केला. तिनं "हो" म्हणावं, एवढ्यासाठी.

शनिवारी सकाळी सांगली सोडली. सेकंडहँड फियाट होती, मागच्या सीटवर पाठीला टेकायला उशा, डिकीत राजापुरी हळदीची पिशवी आणि गुळाची एक ढेप. शिवाय जुन्या चादरीत बांधलेलं तिचं एक गाठोडं. कपडे असतील म्हणून मी विचारलं नाही. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका आणि तिथून उत्तरेला कराड, असा रस्ता. आज तुम्ही तो हायवेनं दोन-अडीच तासांत उरकाल. तेव्हा दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की मोटारीनं खाली मातीत उतरायचं. उसाच्या गाड्यांमागं तर चालण्याच्या गतीनं जायचं. पेट्रोल नुकतंच भडकलं होतं, पण त्या दिवसांत मला कसलाच भाव दिसत नव्हता. मी कानानं गाडी चालवत होतो. यंत्राचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग जाणार ते मी सांगू शकतो. खड्डा आला की मागून तिचा श्वास अडकल्याचं ऐकू यायचं. पुढच्या खड्ड्याला मी गाडी आणखी हळू घ्यायचो.

पेठ नाक्यावर चहाला थांबलो. शेजारच्या बाकड्यावर फेटेवाले दोन शेतकरी बसले होते. एक म्हणत होता, यंदा देवानं हात सैल सोडला, शाळूचं रान बघून डोळं निवलं. दुसरा बशीतला चहा फुंकत म्हणाला, "मग गेल्या सालाला कुठं गेलता तुझा देव?"

"मला काय ठावं गड्या."

"मी सांगतो. आमच्यासंगं दुष्काळी कामावर खडी फोडाय हुता. मुकादमानं त्येची हजेरीच लावली न्हाई."

रिबका हसली. पोटाला हात लावून, दुखत असताना हसली. गाडीत बसल्यावर म्हणाली, त्या माणसाला आमच्या पाळकबाबांच्या जागी उभा करायला पाहिजे. मला तेवढं हसू आलं नाही. मी म्हटलं, दुष्काळात देव खडी फोडत होता म्हणे, मग तुझ्या पोटात कुठं आहे तो? चांगला आहे, चांगला आहे म्हणून गाता तुम्ही. चांगल्या मालाची एक खूण असते. दाखव मला.

ती मग म्हणाली, "तुमी देवालाबी हळकुंडावानी मोडून बघताय. आतनं पिवळा हाय का न्हाई."

कराडला संगमावर उतरून कृष्णा-कोयना एकमेकींना समोरून भिडतात ते तिनं पाहिलं. तुम्ही गेलात तर सकाळी जा, उन्हात डोळे दिपतात. खानावळीत पिठलं-भाकरी आणि लसणाची चटणी चांगली मिळाली. मी दोन भाकरी खाल्ल्या, तिनं चतकोर. उंब्रज, अतीत, नागठाणे करत दुपार कलताना साताऱ्यात पोचलो. माहेरी आता तिचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून एस.टी. स्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली. स्वच्छ होती, गरम पाण्याची बादली आणून द्यायचे. अजिंक्यतारा खिडकीतून दिसत होता. मी कंदी पेढे आणले. तिनं एक घेतला, अर्धा खाल्ला आणि उरलेला माझ्या तोंडात घातला. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही लॉजमध्ये राहत होतो. तिला त्याची मोठी गंमत वाटत होती.

रविवारी देऊळ भरलं होतं. कौलारू, शाळेच्या वर्गाएवढं. पुढं टेबलाभोवती कणसांच्या पेंढ्या, भुईमुगाच्या शेंगा, भोपळे, पाय बांधलेला एक तांबडा कोंबडा. रिबकाला बायकांनी मधे बसवून घेतलं. तिचा हात धरायची जणू पाळी लावली होती त्यांनी. पाळकबाबांनी काळजी या विषयावर प्रवचन केलं. काय खावं, काय ल्यावं याची चिंता माणसाला देवाकडं बघू देत नाही, असा त्याचा अर्थ. सगळे माना डोलवत होते. मी मनात म्हटलं, ज्यांचं पीक घरात आलं त्यांना हे आज सोपं आहे. मला खाण्याची चिंता नाही, लेण्याची नाही. माझी चिंता तिसऱ्या बाकावर बसलीय, तिचं बोला. पण ते बोलायची पद्धत नसते. गाणं सुरू झालं, आणि तिचा बारीक झालेला आवाज मला त्या सगळ्या आवाजांतून वेगळा ऐकू येत होता.

मग अंगणात लिलाव. बोली लावायला दानिएल मास्तर, गावच्या शाळेतले, सडपातळ आणि तोंडाळ. कोंबडा वर धरून ते म्हणाले की ह्या गड्याचं एकच पाप, तो पाळकबाबांच्या आधी उठतो. पाळकबाबाही हसले. सांगलीच्या बाजारात आम्ही रुमालाखाली बोटं दाबून भाव करतो, तोंडावरची रेघ हलू देत नाही. इथं सगळं उघड्यावर. आणि त्यातली खरी रीत मला भोपळ्याच्या वेळी कळली. ज्यानं बोली जिंकली त्यानं पैसे ठेवले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला. देवाला परत. टाळ्या झाल्या, पुन्हा बोली, पुन्हा परत. तोच भोपळा चार वेळा विकला गेला. पाचव्या वेळी कोंडाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या विधवेनं हळूच चार आणे म्हटलं आणि सगळं अंगण गप्प झालं. बोली संपली. म्हातारी भोपळा घेऊन जागेवर बसली. कोंडाबाईनं तोंड उघडलं की बाकीच्यांनी मिटायचं. कुणी न शिकवता सगळ्यांना ते ठाऊक होतं.

मला ते आवडलं. खरंच आवडलं. हळदीची पिशवी मी दोनदा विकत घेतली, दोनदा परत ठेवली. माझ्याही टाळ्या झाल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा माझा जीव जरा हलका झाला. वाटलं, ही आनंदात आहे, परतताना हो म्हणेल.

तेवढ्यात मास्तरांनी रिबकाचं ते चादरीतलं गाठोडं सोडलं.

आत गोधडी होती. तिच्या साड्यांची. लग्नातली हिरवी, पाडव्याला घेतलेली जांभळी, शेड सुरू झाली तेव्हाची मोरपंखी, सगळ्या मी ओळखल्या. आजारपणात दुपारी ती शिवत बसायची. मला वाटायचं आमच्या अंथरुणावर टाकायला शिवतेय. साड्या फाडून गोधडी कोण करतं? ज्याला त्या आता नेसायच्या नाहीत तो. माझ्यासारख्या माणसाला एवढा हिशोब लगेच कळतो. मुंबईचं उत्तर तिनं शिवून आणलं होतं आणि देवापुढं नेऊन ठेवलं होतं.

मास्तर म्हणाले, ही आपल्या रिबकाच्या हातची, टाके बघा, मुंगीच्या पावलाएवढे. मी बोली लावली. दुसऱ्या कुणीतरी गमतीत चढवली, सांगलीच्या पाव्हण्याला आज सोडायचं नाही म्हणून. मी आणखी चढवली. हसणं सुरू झालं. मी जिंकलो, पैसे ठेवले. आता ती टेबलावर परत जाणार म्हणून सगळ्यांचे हात टाळीसाठी वर आले होते. कोंडाबाई पुढं सरकली होती. डिसेंबर होता, आणि तिच्या अंगावर विरलेलं पातळ होतं.

मी गोधडी घडी केली आणि काखेत धरली.

मास्तर थोडा वेळ हात पुढं करून उभे राहिले. मग कोंडाबाईच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मास्तर. त्येला लागती." आणि जागेवर जाऊन बसली. मास्तरांनी अंड्यांची टोपली उचलली.

रिबकानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

सोमवारी परत निघालो. मी तिच्या पायांवर गोधडी टाकली, तिनं टाकू दिली. साताऱ्याच्या बाहेर पडलो, नागठाणे गेलं, मी वाट बघत होतो. उंब्रजच्या अलीकडं तिनं गाडी थांबवायला सांगितली. आंब्याचं झाड होतं, सावलीत थांबलो. इंजिन बंद केलं तशी आजूबाजूची भोरड्या पाखरांची कलकल ऐकू यायला लागली.

ती म्हणाली, "मी दिलेली वस्तू तुमी इकत घेतली. बरं केलं, तुमच्या मनाला वाटलं ते केलं."

तिनं पायांवरची गोधडी सारखी केली.

"पर आता मला नका इकत घेऊ."

मी मग खूप बोललो. खाट ठरलीय, डॉक्टर चांगला आहे, दोन महिने मिळाले तरी मला ते हवेत. शेवटी मी असंही म्हटलं की तुझा देव तुला उचलून नेणार आणि मी त्याचे उपकार मानायचे, हा कुठला व्यवहार?

"ह्यो येव्हार न्हाईच," ती म्हणाली. "तुमाला सगळं येव्हारच वाटतं, त्येला मी काय करू. एवढी वर्सं दिली त्येनं. आपुन कुठं काय मोजलं हुतं त्येला?"

ती बरोबर होती असं म्हणत नाही मी. तिचं तिला पटलेलं होतं, माझं मला पटलेलं होतं, आणि मरायचं तिला होतं. मी गाडी सुरू केली. कराडला थांबलो नाही. पेठ नाक्यावर चहा घेतला तो नुसता गरम होता. सांगलीत शिरताना गुळाचा वास आला आणि ती म्हणाली, घर आलं.

तुम्हाला तिकडं जायचं असेल तर डिसेंबरातच जा. शाळू हिरवा असतो, हवा कोरडी, रस्ता उत्तम. लहान गावातल्या देवळात उपकारस्तुती असली तर बाहेरच्यालाही बसायला जागा देतात आणि जेवल्याशिवाय सोडत नाहीत. लिलावात हात आखडू नका.

मुंबईची खाट मी रद्द केली. आंबे यायच्या आत रिबका गेली. गोधडी मी नंतर कोंडाबाईला पोचवली का, असं कुणी विचारेल. नाही पोचवली. ती माझ्याकडे आहे, आणि मला त्याचा पस्तावा आहे असंही म्हणवत नाही. शेड वाढली, ढोल कर्नाटकापर्यंत गेले, माझं चांगलं चाललं. लोक म्हणतात देवानं तुमचं बरं केलं. मी हसतो.

एक गोष्ट मात्र राहिली. आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना कायम तीच करायची, मी डोळे मिटून भुकेचा विचार करायचो. शेवटच्या दिवसांत एका दुपारी तिनं हात जोडले आणि आवाज निघाला नाही. पेजेची वाटी पुढं होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. म्हणजे मी म्हणायचं होतं. मी म्हटलं, "हे बापा." पुढं आभार मानायचे असतात. मी शोधत राहिलो. ती वाट बघत राहिली. पेज निवली. मग तिनं डोळे उघडले, आमेन म्हटल्यासारखे ओठ हलवले आणि दोन चमचे घेतले.

अजून ताट पुढं आलं की मी तेवढंच म्हणतो. हे बापा. मग जरा थांबतो. पुढचं काही येत नाही. जेवायला लागतो.