ज्यानं मेलेली पाखरं आणून दिली

आसगावकडच्या एका तलावावर मासे मारून जगणाऱ्या ढिवर माणसावर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते, म्हणजे उद्या कुणी ‘काय की बुवा, आम्ही ऐकलं होतं’ म्हणायला नको. गेल्या वर्षीचा पौष संपत आला होता, उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांचे वाफे, टाकून आठवडाही झाला नव्हता. रविवारची सकाळ होती. पक्षी-केंद्राच्या अंगणात, माझ्यासमोर झाला.

मी त्या केंद्राची स्वयंसेवक होते. शनिवारी भंडाऱ्याचं कॉलेज सुटलं की पवनीकडची एस.टी. पकडायची आणि फाट्यावरून पायी केंद्र गाठायचं. जखमी बगळ्याचा पंख बांधायचा, सहलीच्या पोरांना तलाव दाखवायचा, केंद्राची पत्रकं लिहायची. पत्रकं माझ्याकडेच असायची, कारण आमच्या वस्तीतल्या विहारात लहानपणापासून मी तेच करत आले होते.

त्या ढिवर माणसाला मी काकाजी म्हणायची. माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बघून तो म्हणायचा, “तू काचातून पाहातं, मी डोंग्यातून पाहातो. पाखरं दोघाइलेबी भेतात!” डोंगा म्हणजे आख्खं खोड कोरून केलेली त्याची होडी. बापानं कोरलेली. त्याच्याकडे शेत नव्हतं, बैल नव्हता. होता तो डोंगा.

त्या शनिवारी संध्याकाळी तलाव गप्प होता. थंडीत तिथं बदकांचा इतका कलकलाट असतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी लांबून गिरणीचा पट्टा ऐकू येत होता. काठापाशी एक बदक मान वर उचलायचं आणि ती पुन्हा पाण्यात पडायची. वर उचलायचं, पुन्हा पडायची.

काकाजी डोंगा काठाला लावत म्हणाला, “पाणी बरोबर नाही पोरी. मासेबी उलटून राहिले.”

“कुठल्या बाजूला?”

“मालकाच्या पऱ्ह्याकडं.”

मालक म्हणजे जुन्या मालगुजाराच्या, जमीनदाराच्या घरचे. तलावाला लागून त्यांची जमीन. पऱ्ह्यात टाकलेलं, मोड आलेलं धान बदकं रात्री उतरून खातात, हे तिथलं पोरही जाणतं. आणि आमच्या केंद्राचे अध्यक्ष तेच. व्यासपीठावरून सारसाच्या जोडीवर असे बोलायचे की बायका डोळे पुसत.

मी पऱ्ह्याच्या बांधावर गेले. पऱ्ह्याबाहेर, पाण्याच्या कडेनं, धान पसरलेलं होतं. मूठभर उचललं. पिकावर फवारायच्या औषधाचा उग्र वास बोटांना लागला, तो राखेनं घासूनही जाईना.

मेलेलं पाखरू दिसलं तर केंद्रात आणून द्यावं, अशी केंद्राचीच दवंडी होती. काकाजीनं तेच केलं. त्याला भीती वेगळीच होती. “कोणी उचलन अन् रांधून खाईन. लेकरंबाळं मरतीन,” म्हणाला. रविवारी पहाटेपासून तलावभर फिरून त्यानं पाखरं गोळा केली आणि डोंगा केंद्राच्या पायऱ्यांना लावला.

तेवढ्यात अध्यक्षांची जीप आली.

“कोणाचा डोंगा?”

“माहा आहे मालक.”

“अन् पाखरं?”

“तलावातून आणली. केंद्रात द्याले.”

“म्हणजे तुह्या डोंग्यात सापडली.”

“सापडली नाही मालक, म्या आणली.”

“तेच तं म्हणून राहिलो मी.”

काकाजीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हसला, खरोखर हसला. “मालक, ज्या पाण्यात माहे मासे, त्यात मी झहर कायले टाकीन?”

“तुम्हा लोकाइचं काय सांगावं!” आणि चौकीदाराला हुकूम, “डोंगा वर घे.”

मी म्हटलं, “एक पाखरू चिरून बघा. पोटात धान निघेल. तेच धान तुमच्या पऱ्ह्याच्या कडेला पडलंय, मी काल हातात घेऊन पाहिलंय.”

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मायेनं म्हणाले, “बाई, तू फाट्यावरून पायीच येतं ना? एकटीच? लई सुना रस्ता आहे. बापाले काळजी वाटत असन.”

दुपारपर्यंत सगळी पाखरं केंद्रामागे पुरली गेली. तपासायला एकही ठेवलं नाही. खड्डा उथळ होता. संध्याकाळी केंद्राचं पाळलेलं कुत्रं तिथं माती उकरताना दिसलं, आणि थोड्या वेळानं पायऱ्यांवर तोंडाला फेस येऊन पाय झाडत मेलं. अध्यक्ष म्हणाले, साप चावला. पौषाच्या थंडीत साप! चौकीदारानं मान हलवली. मी सोडून सगळ्यांनीच हलवली.

पुढच्या शनिवारी डोंगा अंगणात विटांवर चढवलेला होता. मला सांगण्यात आलं, पाटी लिही: ‘शिकाऱ्याकडून जप्त’. मी म्हटलं, शिकाऱ्याचं नाव सांगा, लिहिते. त्या दिवसापासून केंद्राला माझी गरज उरली नाही. पाटी दुसऱ्या कुणीतरी लिहिली.

आता काकाजी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जाळं टाकतो, त्याच पाण्यात. खोल पाण्यातला मासा त्याला मिळत नाही. त्याची बायको धानाच्या रोवणीला जाते. कोणाच्या बांधीत? मालकाच्याच. त्याच पऱ्ह्यातली रोपं तिच्या हातांनी लागली. यंदाही थंडी पडली, पऱ्हे पडले, आणि परवा गावाकडून आलेला एक जण सांगत होता की तलाव पुन्हा गप्प झालाय.

डोंगा उन्हात तडकत चाललाय. आणखी एक उन्हाळा निघाला तर तो पाण्यात टिकणार नाही. लाकडाला पाणी लागतं, आणि त्या माणसाला लाकूड. सहलीची पोरं डोंग्यापुढं उभी राहून, पाटी वाचून टाळ्या वाजवतात. त्यात तुमचं पोरही असेल.

हे वाचून हळहळू नका. तुमची हळहळ घेऊन काकाजी काय करील? या रविवारी केंद्रात या. अध्यक्षांसमोर उभे राहा आणि पाखरं कोणाच्या धानानं मेली, ते तोंडावर विचारा. मग ती पाटी उपटा, डोंग्याला खांदा लावा आणि ज्याचा आहे त्याच्या हाती, पाण्यात, नेऊन द्या. एकट्याला तो उचलवत नाही. शेजाऱ्याला सोबत आणा.