रघूच्या पणजोबाचं गाव

चहा घ्या आधी. हा घोळ कोरड्या घशानं ऐकायचा नाही. गाढवपणा मी जन्मभर केला, पण हा सगळ्यांच्या वरचा. आणि केला कुठं, तर विलायतेत, सत्तरी ओलांडल्यावर. म्हणजे तरुण होतो, चुकलो, असं म्हणायचीही सोय नाही.

मी शिकलो चौथी. तीस वर्षं सातारा जिल्ह्यात एसटी चालवली. बायको गेली, तसा पोरानं मला मिल्टन कीन्सला आणला. त्याची तिथं कॉम्प्युटरची नोकरी. गाव कसलं ते, नुसते राउंडअबाउट. ज्यानं आखलं त्याला सरळ रस्त्याचं काय वावडं होतं कोण जाणे. मी आपला चालायच्या तांबड्या वाटेनं फिरायचो, रेडवे म्हणतात तिला. तिथल्याच एका बाकावर रघू भेटला.

रघू मॉरिशसचा. तरुणपणी इकडं आला, वेड्यांच्या इस्पितळात नर्स म्हणून राबला, आता रिटायर. बाप्या माणूस आणि नर्स, म्हणून मी त्याच्या तोंडावर हसलो. त्यानं राग धरला नाही. म्हणाला, मी मराठी आहे. आता घरात बायकोशी फ्रेंचसारखं कायतरी बोलणारा माणूस मराठी कसा? मी म्हटलं, दाखव. तर हा पासष्टीचा बाप्या उठला आणि भर रेडवेवर जाखडी नाचायला लागला. आपली कोकणातली जाखडी! सायकलवाले घंट्या वाजवून दमले. गाण्याचा अर्थ विचारला, तर त्याला निम्माही येत नव्हता. आजीनं शिकवलं तसं म्हणतो, म्हणाला.

मग रोज बाकावर बैठक, निम्मी मोडक्यातोडक्या मराठीत, निम्मी हिंदीत. तो त्याच्या बेटाचं सांगायचा. तिथं म्हणे आधी माणूसच नव्हता. बैलगाडीच्या चाकाएवढी कासवं होती, ती खलाशांनी खाल्ली. डोडो नावाचा पक्षी होता, त्याला उडता येत नव्हतं आणि पळायचं सुचत नव्हतं, तोही संपला. एक ससाणा तर पाच बोटांवर मोजण्याइतका उरला होता, तो लोकांनी अंडी उबवून परत वाढवला. पुढं उसासाठी आपली माणसं नेली. बिहारी, तमिळ, मराठी. चिन्यांची दुकानं, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांची पोरंबाळं, फ्रेंच मळेवाले, सगळे एका बेटावर. मी म्हणायचो, थापा मारू नकोस. त्यातली एकही थाप नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. थापा मारणारा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता.

एक दिवस त्यानं पिशवीतून कागद काढला. तिथल्या सरकारी दप्तरातली नक्कल. उसाच्या मळ्यावर करारानं गेलेला त्याचा पणजोबा. नाव रघू, डाव्या गालावर व्रण, गाव आंबेखोल, जिल्हा सातारा. बंदरावरच्या कारकुनानं नावाचंच आडनाव केलं, म्हणून हे सगळं खानदान रघू.

"भाऊ, तुला माहीत आहे हा गाव?"

आंबेखोल मी बापजन्मात ऐकलं नव्हतं. पण तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसानं आपल्याच जिल्ह्यातलं गाव माहीत नाही म्हणायचं? जीभ झडली असती. म्हणालो, आंबेखोल? डोळे झाकून गाडी नेईन.

झालं. रघूनं वही काढली. रोज विचारायचा, रोज लिहून घ्यायचा. मी त्याला मारुतीचं देऊळ दिलं, ते माझ्या गावचं. देवळापुढचा फणस दिला, तो सासुरवाडीचा. ओढा दिला, पायऱ्यांची विहीर दिली, रघूच्या वाड्याचं जोतं अजून आहे म्हणून ठोकून दिलं. एकदा तर म्हणालो, तुझ्यासारखे नाकाचे दोन म्हातारे पारावर बसलेले मी स्वतः पाहिलेत. त्या दिवशी त्याच्यानं लिहवेना.

मध्ये एकदा तो मला लंडनला म्युझियममध्ये घेऊन गेला. काचेत डोडो उभा. रघू अर्धा तास हलेना. मग म्हणाला, "खोटा आहे हा. पिसं हंसाची, बदकाची. खरा कुणी ठेवलाच नाही."

"मग बघतोस काय एवढं?"

"दुसरं काय आहे बघायला, भाऊ?"

तिथं मला बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो. ट्रेनमध्ये सँडविच खाल्लं, थंडगार होतं म्हणून शिव्या घातल्या आणि घरी आलो.

पुढच्याच महिन्यात त्यानं तिकिटं काढली. डॉक्टरनं त्याला वर्षभराची मुदत दिली होती, तेही तेव्हाच सांगितलं. म्हणाला, मरायच्या आधी एकदा त्या फणसाखाली बसायचं. माझी पाचावर धारण बसली. मी ऊन सांगितलं, घाट सांगितला, साप सांगितले. तो हसला. बायकोला, देवीला, घेऊन गेला.

तीन आठवड्यांनी परत आला, तर मी चार दिवस सर्दीचं सोंग घेऊन घरात. पाचव्या दिवशी तोच दारात. निम्मा झाला होता. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "सगळं तू सांगितलं तसंच, भाऊ. मारुती, फणस. मी बसलो."

आणि तुम्हाला खरं सांगू? माझी छाती फुगली. वाटलं, च्यायला, एवढ्या वर्षांचा ड्रायव्हर, अंदाज चुकेल कसा? पोराच्या मित्रांपुढं मी हे दोनदा सांगितलं.

रघू दोन महिन्यांत गेला.

दिवस झाल्यावर देवीनं मला बोलावलं. एक फोटो पुढं ठेवला. नुसतं पाणी. काठावर पाठमोरा रघू. आंबेखोल कोयनेच्या धरणात बुडालेलं, मी नोकरीला लागायच्याही आधी.

मी कबूल करायला तोंड उघडलं, तर तीच बोलायला लागली. "त्यानं मला सांगितलं, भाऊला बोलू नको. भाऊनं लहानपणी पाहिलं असणार, बुडालं ते त्याला माहीत नाही. म्हातारा आहे, त्याला सहन नाही होणार."

ऐकलंत? मरायला टेकलेला माणूस माझी काळजी करत होता. मी कधी न पाहिलेलं गाव बुडाल्याचं दुःख मला होऊ नये म्हणून.

देवीनं डोळे पुसले, पेन घेतलं. म्हणाली, नातवंडांना दाखवायचं आहे, यात मारुती कुठं होता तेवढं सांगा. आता काय करू? सांगून टाकू, तर रघूची ती वही, तो फणस, सगळं त्याच्या मागून बुडणार. मी बोट ठेवलं पाण्यावर. तिनं तिथं जपून फुली मारली.

आणि मी मेला म्हणतो कसा, "जरा डावीकडं घ्या."