शेजारणीचा जबाब

पोलिसाला मी स्थळाकडचा माणूस समजले आणि माझ्याच नातीची अशी बदनामी केली की तिचा पासपोर्ट अडला. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात ही गोष्ट दहा तऱ्हांनी सांगतात. एका तऱ्हेत तर मी त्या पोलिसाला चहात मीठ घालून पाजलं असं आहे. चहा मी पाजला. त्यात साखरच होती.

तेव्हा मी त्रेसष्टची होते, म्हणजे ऐन उमेदीत. गुडघे चालत होते, निम्मे दात स्वतःचे होते, आणि अख्ख्या जगाला आपण एका बोटावर नाचवू शकतो असा माझा ठाम समज होता. आता त्या बाईची आठवण झाली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

नात जनावरांची डॉक्टर झालेली. बाहेर शिकून परत आमच्या गावी, सास्तूरला आली होती आणि स्कूटीवर आसपासच्या वस्त्यांवर म्हशी-शेळ्या तपासत हिंडायची. आमच्याकडची काळी शेळी उंच, काटक आणि बहुतेक वेळा जुळी देणारी. ती जुळी का देते आणि एखादी का देत नाही, हे नातीला मुळातून शिकायचं होतं. त्यासाठी तिनं नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम हेरला होता.

"शेळी हितली आन् शिकायला तिकडं कशाला?" माझ्या लेकानं तिला विचारलं.

"शेळी हितलीच ऱ्हाती अप्पा. मशिनी तिकडं हायत्या."

लेक वाईट नाही. पण त्याच्या डोक्यात पोरीचं लग्न ठाण मांडून बसलेलं. शेवटी त्यानंच तोड काढली. अर्ज मुदतीत गेला, तर तिकडचं उत्तर येईपर्यंत तो लग्नाचा शब्द काढणार नाही. अर्ज हुकला, तर उमरग्याकडचं स्थळ सांगून आलंय ते बघायचं आणि पसंत पडलं तर उन्हाळ्यात उरकून टाकायचं. पोरीनं एका दमात मान हलवली. तिची तयारी झालेलीच होती. प्राध्यापकांची शिफारसपत्रं आली होती, गुणपत्रकं आली होती, आपल्याला हे का शिकायचंय तो मजकूर लिहून-खोडून झाला होता. राहिली होती इंग्रजीची परीक्षा. आणि तिथं ओळख म्हणून पासपोर्टच लागतो, दुसरं काही चालत नाही. पासपोर्टचा अर्ज केलेला होता, पोलिसांची पडताळणी तेवढी बाकी होती.

हे सगळं तिनं मला समजावून सांगितलं होतं. मी शेंगा फोडत "व्हय व्हय" म्हणत होते. पोलीस गावात येऊन शेजारीपाजारी विचारतो, हे वाक्य माझ्या कानावरून गेलं आणि शेंगांच्या टरफलांत पडलं.

आमचं गाव भूकंपानंतर नव्यानं वसलेलं. रस्ते सरळ, घरं एका साच्यातली. ज्यानं त्यानं पुढं पत्रा ओढला, मागं खोली काढली, तरी नवख्या माणसाला विचारल्याशिवाय घर सापडत नाही. आणि आळीच्या तोंडाशी लिंबाखाली कट्ट्यावर बसलेली मी, म्हणजे विचारायचं मलाच.

त्यात आमच्याकडं रीत अशी की मुलगी बघायला येण्याआधी मुलाकडचे एखादा माणूस गुपचूप धाडतात. तो मुलीच्या घरी जात नाही. दुकानात, डेअरीवर, शेजारी विचारतो. पोरगी कशी, तापट आहे का, कुणाशी बोलते. सुनेच्या वेळी मीच माझ्या भावाला तिच्या गावी असा धाडला होता. त्यामुळं ही चाल मला पाठ होती.

त्या दुपारी मोटारसायकलवरून एक माणूस आला. चौकड्याचा शर्ट, साधी पँट, हातात प्लॅस्टिकची फाईल. आधी गिरणीपाशी थांबून काही विचारलं, मग कट्ट्याकडं आला.

"मावशी, ती जनावराची डॉक्टरीण ह्याच आळीत ऱ्हाती का?"

माझ्या अंगात वारं शिरलं. उमरग्याचे! म्हणजे लेकानं शब्द मोडला आणि मुदत संपायच्या आधीच माणूस बोलावला. थांब म्हटलं, तुला बघते.

"ती व्हय?" मी डोळे बारीक केले. "तिच्या शेजारीच ऱ्हाते की मी."

"बरं झालं. कधीपासनं हाय हितं ती?"

"हितं कुठं बाबा? शिकायला गेली ती तिकडचीच झाली. दिवाळीला येती, तोंड दावती, जाती."

त्यानं फाईल उघडून लिहिलं. स्थळाकडचा माणूस लिहून घेतो हे मला नवं होतं. पण म्हटलं, शिकलेलं घर असेल.

"वागायला कशी हाय?"

ह्या प्रश्नाची तर मी वाटच बघत होते. "गुणाची हाय की. हात तेवढा सैल. मागं जत्रंत एका पोराच्या टाळक्यात दगड घातला. ठाण्यापातूर गेलं समदं."

त्याचा पेन थांबला. "केस झाली?"

"झाली बी असंल. म्या कशाला कुणाचं वाईट सांगू?"

"तुमचं नाव काय मावशी?"

इथं तरी जीभ अडखळावी की नाही? नाही. मी पलीकडच्या घरातल्या माझ्या शेजारणीचं नाव ठोकून दिलं. वर समोरच्या हॉटेलातून चहा मागवून त्याला पाजला. तो गेल्यावर मी कट्ट्यावर अशी बसले, जशी काही एकटीनं किल्ला राखला होता.

दिवस कलताना नात आली. हातपाय धुऊन चुलीपाशी बसली. मी भाकरी थापत होते.

"आजी, ठाण्यातनं दोनदा फोन येऊन गेलाय. म्हैस अडली हुती, फोन डिकीत ऱ्हायला. आता येतेल बघ पडताळणीला."

"पोलीस खाकीत येतो का गं?"

"न्हाय. साध्या कपड्यात येत्यात. फाईल घिऊन. आजी, भाकर करपली."

तेव्हाच बोलले असते तर सकाळी ठाण्यात जाऊन निस्तरता आलं असतं. पण त्या त्रेसष्टच्या शहाणीनं स्वतःची समजूत घातली की माणूस बरा दिसला, चहा पिऊन गेला, म्हाताऱ्या बाईचं बोलणं कशाला कोण मनावर घेईल? करपलेली भाकरी मी माझ्याच ताटात घेतली आणि गप्प राहिले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. नातीनं ठाण्यात फोन केला, तर अहवाल वर गेला म्हणाले. ती खूश. येता-जाता फोन बघायची, कॅलेंडरवर अर्जाच्या शेवटच्या तारखेला तिनं केलेला गोल मला चुलीपाशी बसूनसुद्धा दिसायचा. मोटारसायकल वाजली की मी मागच्या खोलीत जायचे. कट्ट्यावर बसणं मी सोडलं. सून म्हणाली, "आत्याबाई, बरं वाटंना का?" मी म्हटलं, गुडघे. गुडघ्यांवर तेव्हा मी काय काय ढकललं, त्यांनी पुढं त्याचा सूड घेतला.

मग एका सकाळी संदेश आला. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल. नातीनं लगेच हवालदाराला फोन लावला. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता.

"मी हितं ऱ्हातच न्हाय म्हणं," ती आईला म्हणाली. "आन् माझ्यावर केस हाय म्हणं. शेजारच्या काकूनं सांगितलं. नाव हाय तिचं."

सून म्हणाली, "ती असं कशाला सांगंल?"

पण पोरगी उठलीच होती. ही शेजारीण म्हणजे भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात दिवस काढले तेव्हापासून आमच्याशी वाटीची देवघेव असलेली बाई. ती अंगणात सुपात तूर घेऊन बसली होती. नातीला बघून हसली, सरकून जागा करून दिली.

"काकू, मी तुमचं काय वाईट केलं?"

तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं. मी आमच्या उंबऱ्यात उभी. अजून एक क्षण गेला असता तर नातीच्या तोंडून जे निघालं असतं ते परत घेता आलं नसतं.

"ती न्हाय," मी म्हटलं. "ती मी."

मग तिथंच, दोन अंगणांच्या मधे उभं राहून सगळं सांगितलं. स्थळ, कट्टा, दगड, नाव. संपल्यावर शेजारीण हळूच म्हणाली, "अक्का, दुसऱ्या कुणाचं नाव आठवलं न्हाय व्हय तुमाला?" सूप उचललं, आत गेली आणि दार लावलं. भर सकाळी आमच्या आळीत दार लावत नाहीत.

नात ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं.

"मी जावं असं वाटतं का तुला? तेवढं खरं सांग."

"वाटतं की. म्हणून तर..."

"म्हणून तर," ती म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसली. संध्याकाळी लेकाला कळलं. तो एवढंच म्हणाला, "बोललं ते बोललं. अर्ज हुकला तर बघायला बोलावतो." त्याच्या आवाजात आनंद नव्हता, पण माघारही नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या दाराशी जाऊन मी हात जोडले. ती आली, ती माझ्यासाठी नाही, पोरीसाठी. ठाण्यापर्यंत जीपमध्ये माझ्याशी एक शब्द बोलली नाही. हवालदारानं मला ओळखलंच. "साहेब, ह्या बगा, ह्याच त्या शेजारीण."

फौजदारांनी वर बघितलं. "मावशी, पोलिसाला खोटं सांगणं गुन्हा असतो. माहीत आहे का?"

मी दोन्ही हात पुढं केले. "मला आत टाका साहेब. पण पोरीचं तेवढं..."

"तुम्हाला आत टाकून सांभाळायचं कुणी? आम्ही?"

कुणी हसलं नाही. त्यांनी माझा खरा जबाब लिहून घेतला, शेजारणीचा घेतला. मग नातीकडं वळून म्हणाले, गेलेला अहवाल त्यांना परत बोलावता येत नाही. पुण्याला पासपोर्टच्या कार्यालयात जाऊन खुलासा द्यायचा, तिथून फेरपडताळणीचा आदेश आला की ते लगेच पाठवतील. नातीनं मोबाईल काढून तारखा बघितल्या. ओठ हलवून काहीतरी मोजलं आणि मोबाईल परत पर्समध्ये ठेवला. काय उरलं ते मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

ती पुण्याला जाऊन आली. आदेश येईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. हवालदार परत आला तेव्हा सुनेनं मला मागच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. सासूला कोंडणारी सून तुम्ही ऐकली असेल, पण तिचं शंभर टक्के बरोबर होतं. भिंतीपलीकडून शेजारणीचा आवाज आला.

"हितंच ऱ्हाती. माझ्या डोळ्यादेखत वाढली. आन् दगडाचं म्हणाल साहेब, तर तिला दगड घालायचा असता तर पैला ह्या म्हातारीच्या टाळक्यात घातला असता."

मी आत बसून पदर तोंडात कोंबला. हसू की रडू ते ठरत नव्हतं.

पासपोर्ट आला तेव्हा परीक्षेच्या जवळच्या केंद्रांवरच्या जागा भरल्या होत्या. मिळाली ती पुण्याची, आणि निकाल मुदतीच्या आदल्या दिवशी येईल अशी. निकाल आला, गुण पुरेसे होते. पण अर्ज भरायच्या दिवशी गावातली लाईट गेली. नात लॅपटॉप आणि मोबाईल घेऊन गच्चीवर गेली. उन्हात स्क्रीन दिसेना, म्हणून सून डोक्यावर चादर धरून उभी. पासपोर्टची प्रत चढता चढता अडली, परत लावली, परत अडली. लॅपटॉपची बॅटरी तांबडी झाली. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर, एक शब्द न बोलता. वरच्या पायरीवर लेक उभा होता, कधी आला ते कळलंच नाही. त्याची मूठ कठड्यावर आवळलेली होती.

"गेला," वरून आवाज आला.

"गेला का?" लेक म्हणाला, आणि मूठ सोडली. मग आपण काय केलं ते लक्षात आल्यासारखा खाली उतरून निघून गेला.

तिकडून होकार आला तेव्हा ज्वारीची रास झाली होती. पेढे झाले, शेजारीणही आली, माझ्या हातचा पेढा तिनं घेतला. सगळे पांगल्यावर लेकानं घसा साफ केला.

"जायचं तर जा. न्हाय म्हणत न्हाय. पण उमरग्याचं ठरवून जा. पोरगा थांबायला तयार हाय."

मी उठलेच. त्या घराण्याबद्दल एक भारी गोष्ट माझ्या जिभेवर तयार होती, कुठंच घडलेली नव्हती पण ऐकणाऱ्याला पटली असती. तोंड उघडलं, तोच नात बोलली.

"न्हाय अप्पा. मला आत्ता लग्नच करायचं न्हाय. तिथनं आल्यावर करायचं का, ते बी मी तवाच सांगीन."

एवढंच. आवाज चढवला नाही, कारण दिलं नाही, कुणाची बदनामी केली नाही. लेक टॉवेल खांद्यावर टाकून शेताकडं निघाला. दारात थांबून म्हणाला, "तिकडं थंडी लई असती म्हणं. स्वेटर बगा तिचं."

मी तशीच उभी, ती सगळी गोष्ट तोंडात घेऊन. नातीनं माझा हात धरून मला खाली ओढलं आणि म्हणाली, "बस आजी. माझं 'न्हाय' मीच म्हणीन. तुला तुझं 'न्हाय' कुणाला म्हणायचं असंल तर सांग, मी येते संगं."