दिगंबरचा हापसा

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेलाच होतो. सात-आठ महिन्यांचा राग, चांगला मुरलेला. त्यामुळं पहिलं मनात आलं ते हेच, की हा गडी भांडण अर्धवट टाकून निघाला. आज दीड महिना झाला, राग काही उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात... बघू कितपत जमतं ते.

बोरीच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी यांवर घर चालायचं, आणि जीव मात्र आमच्या दारातल्या हापशावर. साधा सरकारी हापसा, रंग उडालेला, दांडा हातांनी घासून गुळगुळीत झालेला. दहा वर्षं हा माणूस त्याचेच फोटो काढत होता. कधी चिखलात उताणा पडून, तोटीमागं आभाळ धरून. कधी आमच्या माळवदावर चढून, वरून दिसणारा नुसता ओला गोल. कधी सायकलच्या चाकाच्या तारांमधून, कधी नुसती घागर आणि तिच्यात पडणारी धार. मी शाळेतून येईपर्यंत याच्या कपड्यांचा पार लगदा झालेला असायचा. "अरे, लगीन तरी लाव त्याच्याशी एकदाचं," मी म्हणायचो. तो म्हणायचा, "मास्तर, तूबी तेच धडे तीस वर्षं शिकवायलास की. मी इचारलं का कधी?" यावर मी आणखी चिडायचो.

त्याचा एक हट्ट होता. फोटोत माणूस नको. "माणूस आला की लोक माणसाकडंच बघतेत, हापशाकडं कोण बघंल?" गल्लीतल्या बायकांना तो घागरींसकट बाजूला उभं करायचा आणि लय बोलणी खायचा. माझी आई मात्र कधी कुरकुरली नाही. मी म्हणायचो, आईचा एक काढ की रे. ती पदर सावरत हसायची, आणि हा म्हणायचा, "काढू की. मावशी कुठं पळून जायलीय?"

मागच्या उन्हाळ्यात मावशी गेली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. दहाव्याला फोटो हवा म्हणून घर पालथं घातलं, तर सापडला तो आधार कार्डावरचा. त्यात आई अशी दिसते, जणू कुणी चोरीचा आळ घेऊन तिला धरून आणलंय. दिगंबरनंच तो मोठा करून दिला, पदराला रंग भरला... पण मोठा करताना चेहरा पार फाटून नुसते ठिपके झाले होते. माझा तोल गेला. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो, "दहा वर्षं तिच्या दारात लोळलास आणि तिचा एक फोटो न्हाई तुझ्याकडं?" तो खाली मान घालून फ्रेमची काच पुसत होता. म्हणाला, "हायेत की. तुला दिसंनात तर मी काय करू?" मी फ्रेम उचलली आणि निघालो. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलो नाही. तोही आला नाही. पुढं त्यानं हापशाचा नाद सोडल्याचं कळलं, तेव्हा मी म्हणालो, बरं झालं, जिरली.

त्याच्या तेराव्यानंतर त्याची मुलगी सुनीता एक खोका घेऊन आली. "काका, हे तुमच्याकडंच असू द्या." खोक्यात सगळा हापसाच. आईच्या पदराचं टोक, एखादं बोट तरी सापडेल म्हणून मी भिंग लावून एकेक फोटो बघितला. काही नाही... नुसतं पाणी. वैतागून खोका ढकलला. "तुझ्या बापानं तिला एवढंसुद्धा आत येऊ दिलं नाही बघ."

पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "काका, मग पाणी कुणी काढलंय?"

मी ढकललेला खोका पुन्हा जवळ ओढला.

"बाबा दुसऱ्या कुणाला हापसूच द्यायचे न्हाईत. मावशीचा हात एकसारखा चालतो म्हणायचे, धार तुटत न्हाई. त्या गेल्यावर, तुम्ही शाळेत असताना, माझ्याकडून हापसून घेतलं, शेजारच्या काकूंकडून घेतलं..." तिनं तळातले तीन फोटो काढून दाखवले. धार तुटक तुटक. मागं पेन्सिलनं, त्याच्या वाकड्या अक्षरात एकच शब्द : जमंना. त्यानंतरचा एकही फोटो नाही.

तीस वर्षं मी पोरांना 'नीट बघा, मग लिहा' सांगत आलो. दिगंबर, त्या दिवशी दुकानात हे सरळ सांगितलं असतंस तर काय जीभ झडली असती तुझी? आणि मी एकदा धड विचारलं असतं तर माझी झडली असती का?... आईलाही विचारलं नाही कधी, की मी शाळेत असताना तुम्ही दोघं दुपारभर करता तरी काय.

आधार कार्डावरचा फोटो आता कपाटात ठेवलाय. भिंतीवर धारेचा लावलाय, दांडा कडेला अर्धाच कापलेला. त्याला हार घातलाय. येणारे-जाणारे हसू दाबत विचारतात, "मास्तर, हापशाला हार?" मी दाखवतो, तिकडं दांड्यापाशी आई, इकडं चिखलात आडवा दिगंबर. ते फोटोकडं बघतात, मग माझ्याकडं बघतात. माझं डोकं फिरतं. मी म्हणतो, "हायेत की दोघंबी. तुमाला दिसंनात तर मी काय करू?"