आपटे सरांच्या पेटीतला डिंक

मधमाश्या पाळणाऱ्यांच्या घरातला मध संपतो, किस्से संपत नाहीत. आमच्या पुण्याच्या ग्रुपमधली माणसं तर मधापेक्षा संशयावरच जगतात. कुणी बाटली भेट दिली, की "वा" म्हणायच्या आधी "साखर किती घातलीय?" असं विचारतात. यात सगळ्यांचे गुरू म्हणजे आपटे सर, गणिताचे रिटायर्ड मास्तर. दूधवाल्यासमोरच दूध हुंगून बघणारा माणूस!

सरांच्या सहकारनगरच्या गच्चीवर एकच पेटी उरली होती. माश्यांच्या आधीच्या दोन्ही वसाहती गेल्या होत्या. वहिनींनी बजावलं होतं, "आता ही गेली, की गच्ची माझ्या पापडांची."

* * *

सर पूर्वी आपल्या देशी सातेरी माश्या पाळायचे. त्या डिंकाच्या भानगडीत पडत नाहीत. या खेपेला इटालियन आणल्या, आणि थोड्याच दिवसांत पेटीच्या फटींत तपकिरी, चिकट काहीतरी दिसायला लागलं. सर पेटीची एक फळी घेऊन थेट गंज पेठेत, पेटी बनवणाऱ्या सलीमभाईंकडे.

"फटी सरस भरून लपवल्यात ना?"

सलीमभाईंनी फळी हुंगली. "सर, ही पेटी माझीच आहे ना? का दुसऱ्याची आणून माझ्या गळ्यात मारताय?"

मग दोघंही एकमेकांवर नजर ठेवत चहा प्यायले.

* * *

सरांनी दर रविवारी पटाशीने तो डिंक खरवडायचा सपाटा लावला. पेटी पुसलेल्या फळ्यासारखी लख्ख. माश्या मात्र रोडावल्या, अळ्या मरायला लागल्या. सरांचा संशय आता घरात शिरला.

"तू गच्चीवर धूर-बीर करतेस का गं?"

वहिनी पोळी लाटत म्हणाल्या, "मला कुणाला घालवायचंच असतं, तर माश्यांपासून सुरुवात केली नसती."

* * *

शेवटी मीच तडकले. "अहो सर, तो प्रोपोलिस आहे. माश्या झाडांच्या कळ्यांवरचा, सालीवरचा चीक आणतात, त्यात मेण मिसळून पेटी आतून लिंपतात. त्याने जंतू आटोक्यात राहतात, आजाराशी झगडण्यात त्यांची ताकद जात नाही. तुम्ही दर रविवारी त्यांचं औषध खरवडून टाकताय."

"पुरावा?"

"पटाशी वहिनींकडे द्या. दसऱ्यापर्यंत मागायची नाही."

वहिनींनी ती पापडाच्या डब्यात ठेवली. दसऱ्याला आम्ही सगळे गच्चीवर जमलो. पेटी माश्यांनी गच्च भरलेली. मला वाटलं, सर आता तरी आभार मानतील. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगा, माझ्या नकळत माश्या बदलल्यात ना?"

* * *

तेवढ्यात पेटीच्या तळाला एक लांबट तपकिरी ढेकूळ दिसलं.

"हे कोणी ठेवलं?" सरांनी आम्हा सगळ्यांचे चेहरे तपासले आणि त्याच दिवशी परत मिळालेल्या पटाशीने ढेकळाचं टोक खरवडलं. आतून शेपटी निघाली. पाल होती. आत घुसलेली, माश्यांनी मारलेली. उचलून बाहेर टाकणं जमेना, म्हणून त्यांनी तिला डोक्यापासून शेपटीपर्यंत प्रोपोलिसने लिंपून टाकलं होतं. वास म्हणून नव्हता.

वहिनींनी ढेकूळ नीट न्याहाळलं. मग सरांच्या हातातली पटाशी काढून घेतली.

"पापड गॅलरीत वाळतील," त्या म्हणाल्या. "पण अहो, तुम्ही जपा. ती पाल एकदाच आत गेली होती. तुम्ही दर रविवारी जाता."