डिझेलचोरीचा आळ
काजळीने बरबटलेला पाइप हातात आला, की देवासच्या गॅरेजात मी मेकॅनिक असताना आलेला तो ड्रायव्हर आठवतो. त्याच्या ट्रकला डिझेल जास्त लागायचं, म्हणून ट्रकचा मालक त्याला चोर ठरवत होता. "भिया, चढावर गाडी दम तोडते, काळा धूर फेकते. एकदा खोलून तर बघा," तो मला विनवत होता. मी नुसता कॉम्प्युटर लावला, दोष दिसला नाही, आणि मालकाला सांगून टाकलं, "इंजिन ठीक आहे." त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. महिन्याभराने तोच ट्रक परत आला, तेव्हा मी खोलून पाहिलं. थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला होता. भर चढावरही आत धूरच शिरत होता, ताजी हवा कमी पडत होती आणि डिझेल अर्धवट जळून वाया जात होतं. मालकाला दाखवलं. "चलो, गाडी तो ठीक झाली ना? बस," तो म्हणाला. पुढे सोनकच्छच्या बसस्टँडवर तो ड्रायव्हर हमाली करताना दिसला. "गाडी चढते का आता?" त्याने विचारलं. "हो," एवढंच बोलून मी बसमध्ये चढलो. आज माझं स्वतःचं गॅरेज आहे, आणि लोक माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.